घरचा जमाखर्च : धुण्याचा ताळेबंद



वाचक बंधू-भगिनींनो, या सदरात आपण किराण्याचा, लग्नखर्चाचा, मुलांच्या वह्या-पुस्तकांचा हिशेब केला. आज धुण्याचा हिशेब मांडतो. विषय कोणाला किरकोळ वाटेल. गेल्या २५ डिसेंबरपर्यंत मलाही तो किरकोळच वाटत होता.

त्या दिवशी भारतीय स्त्रीमुक्ती दिनाचा कार्यक्रम होता. तालुक्यातल्या एका खेड्यात, विहारात, माझे भाषण ठेवले होते. १९२७ साली याच तारखेला महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, त्यावर बोलायचे होते. टिपणे रात्रीच काढून ठेवली होती. सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा अंगात घालताना न्हाणीकडे लक्ष गेले. पत्नी दगडाशी बसली होती, उजव्या मनगटाला फडके बांधलेले. शेजारी दहावीतली मुलगी दोन्ही हातांनी चादर पिळत होती. पाणी गार, तिची बोटे लाल झालेली. सराव परीक्षेला दहा-बारा दिवस राहिले होते.

मी म्हणालो, "अगं, अभ्यासाचं काय?"

ती न चिडता म्हणाली, "बाबा, परीक्षा माझी आहे. पण या पँटी दादाच्या आहेत."

पत्नी एवढेच म्हणाली, "तुमी निघा. उशीर होईन."

मी निघालो. भाषण केले, टाळ्याही पडल्या. अंगावरचा सदरा कोणी धुतला हे तिथे कोणी विचारले नाही, आणि मीही सांगितले नाही.

मी कारकून माणूस. मन बेचैन झाले की वही काढतो. दुसऱ्या दिवसापासून आठ दिवस घरातल्या धुण्याची नोंद ठेवली. आमचे घर पाच माणसांचे : माझी आई, आम्ही दोघे, कॉलेजात जाणारा थोरला आणि ही मुलगी. आठवड्याचे धुणे निघाले १३७ नग. त्यात थोरल्याचे ४१, मुलीचे २६, माझे २४, पत्नीचे २०, आईचे १४ आणि टॉवेल, चादरी, पुसणी वगैरे घरचे १२. हे झाले नावे. आता जमा बाजू बघा. धुतले कोणी? पत्नीने ११२, मुलीने २५. थोरल्याने शून्य, मी शून्य. घरातल्या दोन धडधाकट पुरुषांचे ६५ नग दुसऱ्यांच्या हाताने धुतले जात होते. बी.कॉम.ला असताना अशा खात्याला काय म्हणतात ते शिकलो होतो. घरात तो शब्द उच्चारायची लाज वाटली.

हे काही आमच्याच घरचे नाही. केंद्र सरकारच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत, २०१९ साली, घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात दिवसाला २९९ मिनिटे जात होती आणि पुरुषांची ९७. पुढची पाहणी २०२४ ची. बायांची मिनिटे २८९ झाली. आणि पुरुषांची? ती ८८ वर आली. म्हणजे बायांची दहा मिनिटे वाचली, तर आपण आपली नऊ काढून घेतली!

धुण्याचे काम आपल्या भागात अधिक जड का, तेही सांगतो. सातपुड्याच्या पायथ्यापासून दक्षिणेला पूर्णा नदीकडे उतरत गेलो की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. विहिरीचे, बोअरचे पाणी खारे. या पाण्यामुळे मूत्रपिंडाचे आजार होतात म्हणून आपल्या तालुक्यातल्या गावांची नावे कितीदा वर्तमानपत्रात आली आहेत. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीयोजना झाली. पण नळाचे गोड पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बोअरचे धुण्याला, अशी वाटणी घराघरात आहेच. खाऱ्या पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात. फेस होण्याऐवजी दह्यासारख्या गुठळ्या होतात आणि त्या कापडात बसतात. पांढरा सदरा पिवळट दिसतो, टॉवेल पापडासारखा होतो. मग बाई आणखी पावडर टाकते. पावडर निघावी म्हणून आणखी पाणी, आणखी पिळणे. कपडा झिजतो आणि मनगट त्याच्या आधी झिजते.

तर कामाची पहिली युक्ती इथेच आहे. बादलीभर खाऱ्या पाण्यात आधी एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा, पाच मिनिटे थांबा, मग साबण किंवा पावडर टाका. क्षार सोडा धरतो आणि साबण मळासाठी मोकळा राहतो. आमच्याकडे महिन्याला चार किलो पावडर लागत होती, ती दोनवर आली. रेशमी आणि लोकरी कपड्याला मात्र सोडा लावू नये. हातालाही तो चांगला नाही, काम झाले की हात साध्या पाण्याने धुऊन खोबरेल लावावे. आणि सोड्याचे पाणी झाडाला घालू नका. आपली माती आधीच खारी आहे, त्यात आणखी सोडियम गेले तर ती दगडासारखी घट्ट होते. ते पाणी संडासात, नाहीतर फरशीला वापरा.

पण वही समोर ठेवल्यावर लक्षात आले की, खरी गोष्ट साबणाची नाही, ढिगाची आहे. ढीगच लहान करायचा. मी घरात प्रस्ताव मांडला : अंगाला चिकटून असलेला कपडा, म्हणजे बनियन, चड्डी, मोजे, रुमाल, हा रोज बदलायचा आणि ज्याचा त्याने आंघोळीच्या वेळीच धुवायचा. दोन मिनिटांचे काम. वरचा सदरा दोन दिवस, पँट तीन-चार दिवस. संध्याकाळी घरी आल्यावर कपडा काढून खुंटीवर कोंबायचा नाही, वलणीवर वाऱ्याला टाकायचा. मोठे धुणे आठवड्यातून दोनदाच.

पत्नी "पाहू" म्हणाली. थोरला मोबाइलमधून मान वर न काढता "हो" म्हणाला. कडाडली ती माझी आई.

"एक सदरा दोन दिस? लोक काय म्हनतीन?"

मला वाटले, ही म्हाताऱ्या माणसाची सवय. म्हणून समजावू लागलो की घाम नाही, धूळ नाही, दिवसभर पंख्याखाली बसून काम आहे. तिने मला मध्येच थांबवले.

"तुले काय मालूम? आमी नाल्यावर धुनं न्यायचो तं वरच्या आंगाले जायची सोय नव्हती. वरते गावाच्या बाया. त्याहिचं धुनं होऊन जे पानी खाली येये, त्या पान्यात आमी धुवाचं. परीट आमच्या कपड्याले हात लावत नव्हता. आन मंग तेच लोक म्हनत, यायचे कपडे पाहा कसे मळके."

मी गप्प झालो. वाचकहो, ही गोष्ट आपल्यातल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या कोणत्याही माऊलीला विचारा. गावच्या बलुत्यात परीट सगळ्यांचे कपडे धुवायचा, आपले नाही. प्रेतावरचे कापड मात्र आपल्याला 'हक्क' म्हणून मिळायचे. यात एकट्या परटाला दोष देत नाही, त्यालाही गावाने वेशीजवळच ठेवले होते. त्याच परीट समाजात, आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावी, १८७६ साली गाडगेबाबा जन्मले. त्यांच्या अंगावर आयुष्यभर चिंध्या जोडलेले वस्त्र होते आणि हातात खराटा. बाबासाहेबांना त्यांच्याविषयी किती आदर होता हे आपण जाणतोच. कपडा फाटका असणे आणि कपडा मळका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या माणसाकडे पाहून कळते.

बाबासाहेबांनीही नेमके हेच सांगितले होते. डिसेंबर १९२७ च्या त्याच महाड परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांपुढे ते बोलले. लुगड्याला ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आपल्या आज्या-पणज्यांनी तो अक्षरशः पाळला. एकच लुगडे, अर्धे नेसून अर्धे वाळवले, पण स्वच्छ ठेवले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लोक पांढरी वस्त्रे नेसून गेले, तो पांढरा रंग कोणाच्या तरी हातांनी, कोणत्या तरी नाल्यावर काढलेला होता. म्हणून माझ्या आईचा राग मी समजू शकतो. दुसऱ्याचा सदरा मळला तर तो कामाने मळला म्हणतात, आपला मळला तर आपली जात काढतात. पन्नास वर्षे तिने घरातला एकही कपडा दुसऱ्यांदा अंगाला लागू दिला नाही, त्याचे कारण हे आहे.

पण तिला मी दुसरीही गोष्ट वाचून दाखवली. २० जुलै १९४२ ला नागपूरला महिला परिषद झाली. तिथे बाबासाहेबांनी स्त्रियांना स्वच्छ राहायला सांगितले, मुलांना शिकवायला सांगितले, आणि त्याच भाषणात हेही सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये. भाषण एकच. त्यातला स्वच्छतेचा भाग आपण घरात आणला आणि बरोबरीचा भाग स्टेजवर ठेवला. मी तर विशेष करून. दरवर्षी बोलतो ना!

आईने ऐकून घेतले. पटले असे म्हणाली नाही. "मंग तूच धू तुहा," एवढे म्हणाली. तिला वाटले मी माघार घेईन.

पहिल्या रविवारी मी आणि थोरला दगडाशी बसलो. शेजारच्या वहिनी कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. आईला म्हणाल्या, "काय व माय, सूनबाई आजारी हाये काय?" आई म्हणाली, "नाही, चांगली हाये." आणि आत निघून गेली. थोरल्याला लाज वाटत होती, तो पाठ करून बसला. त्याची एक जीन पँट भिजल्यावर किती जड होते हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा समजले. एकट्याला पिळता येईना. दोन टोके दोघांनी धरून पिळली. त्यानंतरच्या आठवड्यात ४१ नगांचे १६ झाले, मला काहीच सांगावे लागले नाही. आपला कपडा आपण धुवायचा ठरले की संध्याकाळी तासभर बाहेर जाण्यासाठी नवा शर्ट काढण्याची हौस आपोआप कमी होते.

आता आमचे कसे चालते ते सांगतो. मोठे धुणे बुधवारी आणि रविवारी. आदल्या रात्री झोपण्यापूर्वी सोडा-पावडरच्या पाण्यात कपडे भिजवतो, पांढरे वेगळे, रंगीत वेगळे. उन्हाळ्यात रात्रभर ठेवले तर वास मारतो, तेव्हा पहाटे दोन तास पुरतात. सकाळी फक्त कॉलर, बाह्यांच्या कडा आणि पँटीची खालची पट्टी ब्रशने घासायची. सगळा कपडा आपटायची गरज नसते. धोपटण्याने मळापेक्षा बटणे जास्त निघतात. पांढऱ्याचे पाणी रंगीत कपड्यांना, रंगीताचे पायपुसण्यांना. खळबळण्याचे शेवटचे पाणी स्वच्छच असते, ते बादलीत धरून पुढच्या घाण्याला पहिले पाणी म्हणून वापरतो. पूर्वी रोज पंधरा लिटरच्या सहा बादल्या, म्हणजे आठवड्याला ६३० लिटर लागत. आता दोन दिवसांच्या मिळून २४ बादल्या, म्हणजे ३६० लिटर. आंघोळीच्या वेळी प्रत्येकाचा एखादा तांब्या जास्त जातो तो सोडून देऊ. शहराच्या पाणीयोजनेत माणशी रोज १३५ लिटर धरतात आणि त्यातले २० कपड्यांसाठी असतात. खेड्यासाठी जलजीवन मिशनचे माप एकूणच ५५ लिटरचे आहे. त्यात आंघोळ, भांडी, गुरे, सगळे बसवायचे असेल तर धुण्याला हात आखडता घ्यावाच लागतो.

पिळणे हे मनगटाचे खरे दुखणे. चादर, पँट पिळूच नका. न्हाणीतल्या दांडीवर अर्धा तास पाणी निथळू द्या, मग उन्हात टाका. आपल्याकडे उन्हाची काय कमी? एप्रिल-मेमध्ये तासाभरात कडक वाळते. रंगीत कपडे उलटे करून वाळवावेत. पावसाळ्यात मात्र हे चालत नाही, तिथे दोघांनी मिळून पिळावे. इस्त्री फक्त शाळेच्या गणवेशाला आणि माझ्या ऑफिसच्या सदऱ्यांना. झटकून, कडा ताणून वाळत घातलेल्या टेरीकॉटला इस्त्री लागतच नाही.

हे सगळे सावलीत बसून काम करणाऱ्यांसाठी झाले. जे बांधकामावर, हमालीला, सफाईच्या कामाला किंवा रोजंदारीने शेतात जातात त्यांनी कपडा दोन दिवस घालावा असे मी मुळीच म्हणणार नाही. उलट, फवारणीला जाणाऱ्यांना तर हात जोडून सांगणे आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीच्या फवारणीने विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ते विष कपड्यातही असते. फवारणीचा जोड वेगळा ठेवा, जुना पण पूर्ण बाह्यांचा. घरात शिरण्यापूर्वी तो बाहेर काढा, त्याच दिवशी, वेगळ्या बादलीत, दोनदा धुवा, आणि लेकराच्या दुपट्याशेजारी वाळत घालू नका. धुतलेले पाणी विहिरीपासून, हातपंपापासून लांब ओता. आणि तो फवारणाऱ्यानेच धुवावा, हातात रबरी मोजे घालून. घरात पोटुशी बाई असेल तिच्याकडे तो जोड जाता कामा नये.

कपाटाचेही थोडे सांगतो. प्रत्येकाचे कामाचे तीन जोड, घरचे दोन, आणि कार्यक्रमाचा एक पांढरा जोड, एवढे ठेवून बाकीचे बाहेर काढले. बोहारणीला देण्याआधी आईने त्यातली सुती लुगडी गोधडीसाठी बाजूला केली. बरे केले. गोधडीला मात्र वर्षातून दोनदाच पाणी, एरवी नुसते ऊन. वॉशिंग मशीन घ्या म्हणून नातेवाईक सांगतात. हप्त्यावर मिळते, ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावे, बायकांचे हात वाचतात. पण नळ रोज येत नसेल तर ती भरायला पाणी कोण ओढणार, हे आधी ठरवावे.

गेल्या आठवड्यात परत वही काढली : एकूण ७८ नग. माझे १४ मी धुतले, थोरल्याचे १६ पैकी ११ त्याने. राहिलेले ५ कोणी धुतले ते विचारल्यावर पत्नी हसली, म्हणजे तिनेच. आईचे १० मी धुतो म्हटले तर ती देत नाही. "लेकाच्या हातून लुगडं धुवून घेऊ काय?" म्हणते. नात धुते ते चालते! हा मुद्दा अजून निकालात निघालेला नाही. मुलीचे रविवार मात्र परीक्षेपर्यंत मोकळे राहिले. मनगटाचे फडके डॉक्टरांनी काढायला सांगितले आहे, जड पिळायचे नाही या अटीवर.

शेवटी माझ्या पांढऱ्या सदऱ्याची फजिती सांगतो. नीळ मळ काढत नाही, पिवळेपणा फक्त झाकते, हे मला माहीत होते. पण ती आधी भरपूर पाण्यात विरघळवायची, गाळायची, आणि मगच कपडा झटपट बुडवून काढायचा, हे मला कोणी सांगितले नव्हते, कारण मी कधी विचारलेच नव्हते. यंदा १४ एप्रिलच्या आदल्या दिवशी मी नीळ थेट सदऱ्यावर ओतली. पाठीवर तळहाताएवढा डाग पडला. दुसरा पांढरा सदरा नियमाप्रमाणे ठेवलेला नव्हता. तोच घालून मिरवणुकीला गेलो. मागून आमच्या वॉर्डातले एक वयोवृद्ध उपासक म्हणाले, "बाबू, या वर्षी निळा झेंडा पाठीवरच घेतला काय?"

म्हटले, "हो काका, घरीच धुतला."